मिलोराद पाविचचा 'खझार शब्दकोश' गटात वाचायचाय. प्रत कोणती, सुरुवात कुठून, आणि हा लेखक एवढा गाजला कशामुळे?

गोदाकाठ_वाचक

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडला आमचा बारा जणांचा वाचनगट आहे. पुढच्या महिन्यातले चारही रविवार सर्बियन कादंबरीकार मिलोराद पाविच यांच्या 'डिक्शनरी ऑफ द खझार्स'ला द्यायचं ठरलंय. वाचन इंग्रजीतून, चर्चा मराठीतून. दोघा-तिघा ज्येष्ठांना इंग्रजी जड जातं, म्हणून काही नोंदी मराठीत करून वाटायच्या आहेत.

अडचणी अशा. पुस्तकाच्या पुरुष आणि स्त्री अशा दोन प्रती असतात म्हणे, मग मागवायची कोणती? एका सभासदानं पहिल्या पानापासून सरळ वाचायला घेतलं आणि साठाव्या पानाशी हात टेकले, तर क्रम काय ठेवायचा? नावं वाचताना तर सगळ्यांचीच बोबडी वळते. शिवाय लेखकाची दहा मिनिटांत ओळख करून द्यायची आहे. निमंत्रणपत्रिकेवर 'नोबेलसाठी नामांकित' असं लिहावं, असा एकाचा आग्रह आहे. लिहावं का?

पिंपळपार

क्रमाचं आधी सांगतो, कारण पुस्तक तिथंच हातातून सुटतं.

रचना समजली की भीती जाते. आधी प्रास्ताविक टिपणं, मग तीन कोश: लाल (ख्रिस्ती साधनं), हिरवा (इस्लामी साधनं), पिवळा (ज्यू साधनं). शेवटी दोन परिशिष्टं आणि एक समारोपाचं टिपण. विषय एकच. काळा समुद्र आणि कॅस्पियन यांच्या मधल्या टापूत खझारांचं राज्य होतं. त्यांच्या कागानाला, म्हणजे राजाला, एक स्वप्न पडलं. अर्थ लावायला त्यानं तीन धर्मांचे तीन पंडित बोलावले आणि ज्याचा अर्थ पटेल त्याचा धर्म घ्यायचा असं ठरवलं. हा झाला 'खझार वाद'. खझारांच्या वरच्या वर्गानं ज्यू धर्म स्वीकारला हे इतिहासात नोंदलेलं आहे. पाविचनं मात्र निकाल लोंबकळत ठेवलाय. प्रत्येक कोश सांगतो की जिंकले ते आमचेच.

तुमचे सभासद साठाव्या पानाशी अडकले याचं कारण सोपं आहे. इंग्रजी लाल कोशात पहिली नोंद राजकन्या आतेहची आणि लगेच दुसरी अव्राम ब्रांकोविचची. म्हणजे नवव्या शतकातून उडी थेट सतराव्यात. खझार कोण, वाद कसला, हे कळायच्या आत माणूस ब्रांकोविचच्या नोकरांमध्ये आणि स्वप्नांमध्ये हरवतो. तो माणूस पुन्हा भेटतो तेव्हा दुसऱ्याच कोशात, दुसऱ्याच कुणाच्या तरी नोंदीत असतो.

म्हणून असं करा. बारा जण आहात ते बरंच झालं. चार-चार जणांचे लाल, हिरवा, पिवळा असे तीन संघ पाडा.

पहिल्या रविवारसाठी सगळ्यांनी प्रास्ताविक टिपणं वाचायची. त्याशिवाय प्रत्येक संघानं फक्त आपल्या कोशातल्या चारच नोंदी वाचायच्या: आतेह, कागान, खझार आणि खझार वाद. या चार नोंदी तिन्ही कोशांत आहेत आणि पुस्तकात त्यांना त्रिकोणाची खूण आहे. तीन चोक बारा नोंदी, पण एकेकाच्या वाट्याला चारच. रविवारी प्रत्येक संघानं आपला निकाल सांगायचा. तिघे तीन निकाल सांगतील आणि भांडण आपोआप पेटेल. सगळ्यांनी सगळ्या बारा वाचल्या तर तिसऱ्या आवृत्तीला जांभया येतात आणि मजा जाते.

दुसरा रविवार सतराव्या शतकाचा. ब्रांकोविच लालमध्ये, युसुफ मसुदी हिरव्यात, सॅम्युएल कोहेन पिवळ्यात. इथून संघ मोडा, सगळ्यांनी तिन्ही वाचा. ब्रांकोविच आणि कोहेन एकमेकांच्या स्वप्नात वावरतात. एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला. मसुदी स्वप्नांचा माग काढणारा. हे सूत्र हातात आलं की निम्मं पुस्तक सुटलं.

तिसरा रविवार विसाव्या शतकातल्या तीन अभ्यासकांचा: डॉ. सुक, डॉ. मुआविया, डॉ. शुल्ट्झ. १९८२ मध्ये इस्तंबूलच्या एका हॉटेलात तिन्ही धागे एकत्र येतात. परिशिष्टं चौथ्या रविवारी.

एक पुठ्ठा भिंतीला लावा. तीन उभे रकाने, लाल-हिरवा-पिवळा. आडव्या चार ओळी: नववं शतक, सतरावं, विसावं, आणि चौथी ओळ सैतानांची. प्रत्येक धर्माच्या नरकातून एकेक आलाय: निकोन सेवास्त, याबिर इब्न अक्शानी आणि एफ्रोसिनिया लुकारेविच. ही चौथी ओळ न आखल्यामुळं हॉटेलातला शेवट बहुतेकांच्या डोक्यावरून जातो. त्या हॉटेलात उतरलेल्या बेल्जियन कुटुंबाकडे लक्ष ठेवा, इतकंच सांगतो.

नोंदींमधल्या खुणा विसरू नका. नावापुढे क्रूस असेल तर लाल कोशात जा, चंद्रकोर असेल तर हिरव्यात, षट्कोनी तारा असेल तर पिवळ्यात. आपल्या विश्वकोशातल्या 'पहा'सारखंच हे. फरक एवढाच की इथं 'पहा' केल्यावर आधीचं वाचलेलं खोटं ठरू शकतं.

आता प्रतीविषयी. पुरुष आणि स्त्री आवृत्तीत फरक फक्त एका परिच्छेदाचा आहे, बाकी अक्षर न अक्षर तेच. जागा: पिवळा कोश, डॉ. शुल्ट्झचं शेवटचं पत्र, टेबलावरचे झेरॉक्स कागद हातात दिले जातात तो क्षण. फरक काय ते मुद्दाम सांगत नाही. दोन्हीतली किमान एकेक प्रत गटात हवी. चौथ्या रविवारी दोघांनी आळीपाळीनं तो परिच्छेद मोठ्यानं वाचावा. आधीच उघडून बघितला तर हाती काही लागत नाही, कारण त्या बाईची आधीची पत्रं माहीत नसली तर ती दोन-चार साधी वाक्यंच आहेत.

जुनी प्रत ऑनलाइन मागवताना दुकानदाराकडून मुखपृष्ठ आणि आतलं शीर्षकपान, दोन्हींचे फोटो मागा. दोन्ही आवृत्त्यांचे आयएसबीएन वेगळे आहेत, पण जाहिरातीत सर्रास एकाचा क्रमांक आणि दुसऱ्याचं चित्र असतं. दोन मागवल्या आणि दोन्ही 'पुरुष' निघाल्या, असं सहज होतं. काही नंतरच्या आवृत्त्यांत दोन्ही परिच्छेद एकत्र छापलेत. तशी प्रत मिळाली तर एकीत भागेल, पण खेळातली गंमत थोडी कमी होते.

तांबट_लेन

ओळखीसाठी मजकूर देतो. दहा मिनिटांत बसेल.

जन्म १५ ऑक्टोबर १९२९, बेलग्रेड. मृत्यू ३० नोव्हेंबर २००९, तेही बेलग्रेडमध्येच. लहानपणी शहरावर दोनदा बॉम्ब पडले: १९४१ मध्ये जर्मनांचे, १९४४ मध्ये दोस्तांचे. १९९९ मध्ये तिसऱ्यांदा, तेव्हा नाटोचे. आपल्या छोटेखानी आत्मवृत्तात भाषा कशा शिकलो हे त्यांनी याच बॉम्बहल्ल्यांच्या हिशोबानं सांगितलंय. जर्मन सक्तीनं शिकावी लागली, इंग्रजी चोरून, आणि रशियन शिकवली ती एका परागंदा रशियन अधिकाऱ्यानं. तो उतारा वाचून दाखवलात तर ओळखीचं निम्मं काम होईल. मात्र जपून: याच आत्मवृत्तात आपण स्वर्गातल्या चारपैकी एका नदीच्या काठी जन्मलो असंही ते लिहितात. तारखा तेवढ्या घ्या, बाकीचं ललित समजा.

आता मुख्य गोष्ट. पाविच हे आधी साहित्येतिहासाचे प्राध्यापक. नोव्ही साद विद्यापीठात शिकवलं. सतराव्या-अठराव्या शतकातलं सर्बियन बरोक साहित्य हा त्यांचा खास प्रांत, आणि त्याचा जाडजूड इतिहास १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. पुश्किन आणि बायरन यांचे अनुवाद केले. कवितेचं पहिलं पुस्तक १९६७ चं, 'पालिम्प्सेस्टी'. पुढे कथासंग्रह. ओळखत होते ते विद्यापीठातले लोक. पहिली कादंबरी, म्हणजेच हा शब्दकोश, १९८४ मध्ये आली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास. त्या सालच्या सर्वोत्तम कादंबरीचा 'निन' पुरस्कार तिला मिळाला. निन हे बेलग्रेडचं साप्ताहिक, आणि १९५४ पासून दिला जाणारा हा पुरस्कार तिकडे सर्वात वजनदार मानतात. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं की १९८४ पर्यंत आपण देशातले सर्वात कमी वाचले गेलेले लेखक होतो, आणि तिथून पुढे सर्वात जास्त.

हा माणूस अचानक उगवला असं जे लिहिलं जातं ते म्हणून अर्धवट आहे. वीस-पंचवीस वर्षं जुनी हस्तलिखितं, शब्दकोश, संतचरित्रं, प्रवचनं यांच्यात बसलेला माणूस कादंबरी लिहायला बसला आणि त्यानं आपल्या रोजच्या कामाचंच साधन उचललं: नोंद, संदर्भ, 'पहा'. या कोशाची पहिली आवृत्ती १६९१ मध्ये दाउबमानुस नावाच्या मुद्रकानं काढली, ५०० प्रतींपैकी एक विषारी शाईत छापली आणि तिला सोन्याचं कुलूप लावलं, असा जो आव प्रास्ताविकात आहे, तो जुन्या छापील पुस्तकांची सवय नसलेल्या माणसाला जमलाच नसता. तिथली वंशावळ, आवृत्त्यांचा हिशोब, प्रती कुठं जळल्या त्याची नोंद, सगळं ग्रंथसूचीच्या भाषेत आहे. विनोद त्या भाषेतच आहे.

बाहेरच्या कीर्तीला इंग्रजी अनुवादाचा मोठा हात लागला. क्रिस्टिना प्रिबिचेविच-झोरिच यांनी तो केला आणि १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या नॉफनं तो काढला. 'एकविसाव्या शतकातलं पहिलं पुस्तक' हे बिरुद फ्रान्समध्ये चिकटलं. वेळही साधली गेली. संगणकावर दुव्यांवरून उड्या मारत वाचायच्या मजकुराची चर्चा नेमकी तेव्हाच सुरू झाली होती, आणि इथं तर छापील पुस्तकात तेच आयतं तयार. अमेरिकी कादंबरीकार रॉबर्ट कूव्हर यांनी १९८८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं. १९९२ मध्ये छापील पुस्तकाच्या भवितव्यावरच्या लेखात त्यांनी पुन्हा पाविचचं नाव घेतलं. पुढे पाविचची पुस्तकं तीसहून अधिक भाषांत गेली. रशियात त्यांचा वाचकवर्ग विशेष मोठा.

नव्वदच्या दशकात वारं फिरलं. युगोस्लाव्हिया फुटला, युद्धं झाली, आणि पश्चिमेकडचे काही समीक्षक याच पुस्तकात राष्ट्रवाद शोधू लागले. इतरांच्या कह्यात गेलेले, नामशेष झालेले खझार म्हणजे सर्बच, असं ते वाचन. सर्वात तिरस्कृत राष्ट्राचा सर्वात प्रसिद्ध लेखक, असं पाविच स्वतःबद्दल म्हणत, ते याच काळाला धरून. माझ्या मते खझारांचे सर्ब करून वाचलं की पुस्तक लहान होतं, पण तसं वाचायला जागा नाही असंही नाही. लाल कोशातली 'खझार' ही नोंद त्या नजरेनं एकदा वाचून बघा. आपल्याच राज्यात खझारांना मिळणारी वागणूक तिथं आकडेवारीच्या थाटात दिली आहे. चर्चेला ते पान घ्याच.

नोबेलचं लिहू नका. नोबेलची नामांकनं ५० वर्षं गुप्त असतात. कुठल्याही समकालीन लेखकाच्या पुस्तकावर 'नामांकित' असं छापलेलं असेल तर त्याचा अर्थ कुणीतरी नाव सुचवल्याचं सांगतंय, एवढाच.

गोदाकाठ_वाचक

पिंपळपार, तांबट_लेन, दोघांचेही आभार. पुठ्ठा आणला. आता मराठी नोंदी आणि उच्चार राहिले. सगळीकडे 'पाविक', आणि तिकडच्याच दुसऱ्या कादंबरीकाराचं 'आन्ड्रिक' ऐकू येतंय.

मुद्रितशोधक

उच्चारात मराठी माणसाचं काम इंग्रजाहून सोपं आहे. सर्बियन लिपी उच्चारानुसार चालते, एका ध्वनीला एक अक्षर. रोमन लिपीत लिहिलेली नावं वाचताना एवढं धरा. सी या अक्षरावर तिरकी रेघ किंवा वर टोपी असेल तर 'चिमणी'तला च. म्हणून पाविच, आंद्रिच. या दोन च-मध्ये तिकडे फरक आहे, आपल्याला तो सोडून दिला तरी चालेल. चिन्ह नसलेला सी म्हणजे 'चाक', 'चमचा' यांतला च. हा इंग्रजी वाचकाला सांगून कळत नाही, आपल्याकडे घरचाच आहे. एसवर टोपी म्हणजे श, म्हणून डानिलो किश. जे म्हणजे य, कधीही ज नाही, म्हणून पाविचच्या पत्नी, ज्या स्वतः लेखिका आहेत, त्या यास्मिना मिहाय्लोविच. एनला जोडून जे आला की न्य. मिलोश त्सर्न्यान्स्की हे नाव या नियमांनी फोडून वाचलंत की परीक्षा पास. इंग्रजी अनुवादात टोप्या काढून 'सीएच' छापलेलं असतं, तिथं सरळ च वाचा.

आता मराठी नोंदींची गंमत, आणि धोकाही. हे पुस्तक वर्णानुक्रमानं लावलेलं आहे. भाषा बदलली की वर्णमाला बदलते, वर्णमाला बदलली की नोंदी जागा बदलतात. पाविचना हे पक्कं माहीत होतं. सर्बियन सिरिलिक लिपीत ३० अक्षरं, त्यात खझारांचं पहिलं अक्षर, तिकडचा ह, सव्विसावं. म्हणजे 'हाझारी' ही नोंद कोशाच्या शेपटाकडे जाते. तीच भाषा रोमन लिपीत छापली की तो ह बाराव्या जागी येतो आणि खझार कागानाच्याही आधी. इंग्रजीत कागान आधी, खझार त्याच्या लगेच मागे.

मराठीत काय होईल ते लाल कोशापुरतं लावून बघा. आतेह पहिलीच राहते. पण तिच्यामागून ब्रांकोविच येत नाही, तो ब-मध्ये, बराच खाली. आतेहनंतर कागान, मग खझार, मग खझार वाद. पिंपळपार यांनी पहिल्या रविवारसाठी ज्या चार नोंदी वेगळ्या काढल्या, त्या आपल्या वर्णमालेनं आपसूक ओळीनं आणून ठेवल्या! मात्र अट एकच, 'खझार' लिहायचं. कुणी सर्बियन उच्चाराला जागून 'हाझार' लिहिलं तर त्या दोन नोंदी ह-मध्ये, तळाशी. वादातला ख्रिस्ती पंडित संत सिरिल, त्याचंही तसंच. 'सिरिल' लिहिलं तर स-मध्ये शेवटाकडे, सर्बियनप्रमाणे 'चिरिलो' केलं तर च-मध्ये, ग्रीक धरून 'किरिल' म्हटलं तर थेट कागान आणि खझार यांच्या मधोमध. तेव्हा आधी नावांची यादी एका माणसानं पक्की करावी, मगच भाषांतर वाटून घ्यावं. तिघांनी तीन लेखनं ठेवली तर कागद लावताना गोंधळ होतो आणि खुणांवरून उडी मारणारा वाचक चुकीच्या जागी पडतो.

मराठीत उतरवायला आतेहची लाल कोशातली नोंद घ्या, ती लहान आहे आणि पकडून ठेवते. रात्री झोपताना तिच्या दोन्ही पापण्यांवर एकेक अक्षर लिहिलेलं असे. ती अक्षरं वाचणारा मरत असे, म्हणून लिहिणारेही आंधळे नेमलेले. एके दिवशी तिला दोन आरसे भेट येतात, एक वेगवान आणि एक मंद. मंद आरसा मागचा क्षण दाखवतो, वेगवान पुढचा. पापण्या अजून धुतलेल्या नसताना ती समोर बसते आणि आपलीच मिटलेली पापणी बघते, मागच्या क्षणी मिटलेली एकात, पुढच्या क्षणी मिटणारी दुसऱ्यात. भाषांतर करताना इथं क्रियापदांचे काळ जपा. 'मिटली होती' आणि 'मिटणार होती' यात ढिलाई झाली तर आरसे कळत नाहीत आणि राजकन्या उगाच मेल्यासारखी वाटते.

पाविच यांचे हक्क अजून शाबूत आहेत. गटापुरते दोन-चार कागद ठीक, ते व्हॉट्सअॅपवरून गावभर फिरवू नका.

सिडको_सहावी_योजना

थोडा विरोधी सूर. चार रविवार आहेत तर पहिला आंद्रिचला द्या. सर्बियन कादंबरी म्हटल्यावर तिकडचं शाळकरी पोरही आधी इव्हो आंद्रिचचं नाव घेतं. जन्म १८९२, बोस्नियात त्राव्निकजवळ, बालपण विशेग्राडला. आधी मुत्सद्दी, दुसरं महायुद्ध पेटताना बर्लिनमध्ये राजदूत. जर्मनांच्या ताब्यातल्या बेलग्रेडमध्ये घरात बसून लिहिलेल्या तीन कादंबऱ्या १९४५ मध्ये एकदम आल्या. त्यांत 'ना द्रिनी चुप्रिया', म्हणजे द्रिना नदीवरचा पूल. १९६१ चं नोबेल, आणि त्याची रक्कम बोस्नियातल्या ग्रंथालयांना. पूल आजही उभा आहे, ११ कमानी, १७९.५ मीटर. नदी, पूर आणि पूल या तीन गोष्टी नाशिककराला समजावून सांगाव्या लागत नाहीत. पाविच पहिल्याच घासाला दिला तर पंगत उठेल.

पिंपळपार

सिडको, आंद्रिच थोर याबद्दल वाद नाही. पण तो 'सर्बियन' म्हणताना जपून, क्रोएट कॅथलिक घरात जन्म, गाव बोस्नियातलं, लेखन बेलग्रेडला, आणि तिघेही त्याच्यावर हक्क सांगतात. शिवाय पूल एका रविवारात होत नाही, चार शतकांची गोष्ट आहे ती. स्वतंत्र महिना द्या.

पाविच आवडलाच तर पुढे काय, हे कुणीतरी विचारेलच. 'आतली बाजू वाऱ्याची' (१९९१) ही छोटी आहे, दोन्ही मुखपृष्ठांकडून सुरू होते, हीरो नावाच्या नायिकेची गोष्ट एकीकडून आणि लिअँडरची दुसरीकडून, आणि दोघं मध्यावर भेटतात. पुस्तकाच्या रूपातला दुतोंड्या मारुतीच म्हणा. 'चहानं रंगवलेला निसर्ग' (१९८८) शब्दकोड्यासारखी, उभी किंवा आडवी वाचायची. ती दमवते. १९९४ ची कॉन्स्टँटिनोपलवाली टॅरोच्या २२ मोठ्या पत्त्यांवर, २००४ ची 'युनिकात' १०० शेवटांची. खरं सांगायचं तर पुढे पुढे युक्ती आधी आणि माणसं नंतर असं होत गेलं. शब्दकोशात युक्तीला कारण होतं, कारण विषयच हरवलेल्या पुस्तकाचा आणि हरवलेल्या लोकांचा. शंभर शेवटांना तसं कारण सापडत नाही.

तांबट_लेन

शेवटांवरून आठवलं. समारोपाचं टिपण सोडू नका, बरेच जण परिशिष्ट संपलं की मिटतात. त्यात पाविचनं आपल्या वाचकांच्या भेटीची जागा-वेळ ठरवून दिली आहे. महिन्यातल्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता, गावातल्या मुख्य चौकातल्या मिठाईच्या दुकानासमोर. तिच्या काखेत एक प्रत, त्याच्या हातात दुसरी. दोघांनी बसायचं आणि पुरुष-स्त्री प्रती ताडून बघायच्या.

गोदाकाठ_वाचक

मग चौथ्या रविवारचा परिच्छेद तिथंच वाचायला हवा! ठरलं, दोन प्रती मागवल्यात, दोन्हींच्या शीर्षकपानाचे फोटो आले, एक पुरुष एक स्त्री. नावांची यादी 'खझार' आणि 'सिरिल' धरून पक्की. पण बुधवारी बारा वाजता चौकात कोण येणार? त्या दिवशी गोदाघाटावर आठवडे बाजार असतो, पार्किंग मिळायचं नाही.

तांबट_लेन

रिक्षानं या.